मे नव्हे, जुलै: इंदूरच्या टाकीतला आजारी अॅक्सोलॉटल

टाकी १०० लिटरची, हवेवर चालणारा स्पंज फिल्टर, तळ मोकळा (खडे गिळले जातात आणि आतड्यात अडकतात, म्हणून नाहीतच). एक पूर्ण वाढलेला पांढरा नर अॅक्सोलॉटल (कल्ले बाहेर असलेला, जन्मभर पाण्यातच राहणारा उभयचर). पाणी नर्मदेचं, नळ एक दिवसाआड. थंडाव्यासाठी पृष्ठभागावर तिरका सोडलेला छोटा पंखा.

पाऊस लागल्यावर

पाणी २६ अंशांवर. मे महिन्यात, खोली याहून कितीतरी तापलेली असताना, ही टाकी त्याच पंख्यावर २२ला टिकून होती. पंखा बिघडलेला नाही, हवा बदलली आहे. पंखा पाणी गार करतो तो बाष्पीभवनाने, आणि हवेच्या आर्द्र तापमापीवर (फुगा ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीवर) जो आकडा येईल त्याच्या खाली तो पाण्याला नेऊच शकत नाही. हवा ३८ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा आकडा १९-२० येतो. हवा २८ आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर जवळपास २६. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, कितीही गार असो, आषाढात पंख्याच्या भरवशावर राहू नये. या प्राण्याला १६ ते १८ हवं. २४च्या वर ताण सुरू होतो.

लक्षणं: कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक आकड्यासारखं मुडपलेलं, गांडूळ तोंडात घेऊन थुंकलं. डाव्या कल्ल्यावर कापसासारखा पांढरा पुंजका, म्हणजे बुरशी. निरोगी त्वचेवर ती सहसा धरत नाही, तेव्हा आधी पाणी तपासायचं.

अमोनिया ०.५, नायट्राइट ०.२५, नायट्रेट २० (सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर), पीएच ८. पहिले दोन आकडे शून्यच हवेत. रात्री बराच वेळ लाइट नव्हती, एअर पंप बंद, आणि स्पंजातले अमोनिया पचवणारे जिवाणू प्राणवायूवाचून गुदमरले. अमोनियाचा ०.५ सगळीकडे सारखा नसतो. विषारी असतो तो त्यातला मुक्त अमोनिया, आणि त्याचा वाटा पीएच व तापमानाबरोबर वाढतो: पीएच ८ आणि २५ अंशांना ५ टक्क्यांच्या आसपास, त्याच पीएचला १५ अंशांवर त्याच्या निम्मा, पीएच ७ असेल तर २५ अंशांनाही ०.६ टक्क्याच्या आत. म्हणजे गरम पाणी इथे दोनदा मारतं.

टबमध्ये

टाकी सावरेपर्यंत नराची जागा: झाकणाचा, साबण कधी न लागलेला टब, ८ लिटर पाणी, जागा अंधारी. फिल्टर नाही. त्यामुळे दर २४ तासांनी सगळं पाणी बदलणं हाच उपचाराचा कणा, औषध त्यानंतर. जाळीने ओढू नये, डब्यात घेऊन उचलावं. सांगाडा बराचसा कूर्चेचा असतो.

पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं. पिण्याच्या पाण्यात नळापाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन असावं, असं भारतीय मानक सांगतं. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा ०.५. नदी गढूळ झाली की क्लोरीनचा डोस वाढू शकतो. म्हणून पावसाळ्यात मागच्या महिन्याच्या अंदाजाने हायपो (क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट) टाकू नका, थोडं पाणी वेगळ्या नळीत घेऊन त्यात ओटीओचे (क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे) थेंब टाकून रंग पाहा. पिवळं झालं तर क्लोरीन आहे.

हायपोचं गणित: १ भाग क्लोरीनला सुरक्षित बाजूने ७ भाग हायपो. १० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून १०० मिली द्रावण करा. त्यातलं १ मिली १० लिटरला टाकलं की सुमारे १.४ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन मरतं. टाकून ढवळा, पुन्हा नळीत थेंब टाकून बघा. हायपो अमोनियाला हात लावत नाही, हे विसरलं जातं. दुकानात ‘जनरल टॉनिक’ म्हणून मिळणारी निळी-हिरवी बाटली मात्र नको. त्यात काय आहे ते लेबलवर धड नसतं, आणि मॅलाकाइट ग्रीन किंवा तांबं निघालं तर उभयचराची त्वचा ते सरळ शोषून घेते. कोरफड असलेलं क्लोरीन-नाशकही टाळा.

टबचं तापमान उतरवायचं ते हळू, तासाला अंशभर. बर्फाची बाटली थेट ८ लिटरमध्ये सोडली तर पाणी धाडकन उतरतं. टब मोठ्या घमेल्यातल्या पाण्यात ठेवा आणि बाटली घमेल्यात सोडा. नवं पाणीही त्याच घमेल्यात बसवून मग बदला. दोन पाण्यांत अंशापेक्षा जास्त फरक नको.

बुरशीसाठी मिठाचं स्नान: लिटरला १० ग्रॅम, वजन करून, १० मिनिटं, दिवसातून एकदा, त्रास झालेला दिसला तर आधीच काढा. घरातलं रोजचं मीठ आयोडीनयुक्त असतं, ते नको. उपवासाचं सैंधव चालतं, पण पाकीट वाचून. त्यातही कधी आयोडीन आणि गुठळ्या न होण्याचं द्रव्य असतं. पुंजका चिमट्याने ओढू नये, कल्ल्याचे तंतू सोबत येतात. टबात देशी बदामाचं एक वाळकं पान किंवा साध्या काळ्या चहाची एक पुडी उकळून, गार करून. मसाला, वेलची, आलं काही नको.

तीन बदल्यांनंतर

शेपटी सरळ. पुंजका आक्रसून कल्ल्याच्या टोकाशी राहिलेला, मिठाचं स्नान बंद, कारण ते लांबवलं की कल्लेच भाजतात. खाणं अजून नाही. मोठ्या प्राण्याला आठवडाभर उपास सोसतो, जबरदस्ती नको. खतावरचं लाल गांडूळ कडवट पिवळा रस सोडतं, ते थुंकणं आजाराचं लक्षण धरू नका. साधं मातीतलं गांडूळ देऊन पाहा. पोट फुगणं, पायांवर लाल चट्टे, उलटं तरंगणं यांपैकी काही दिसलं की टबाचा खेळ थांबवून पशुवैद्याकडे जायचं. प्रतिजैविक अंदाजाने नाही.

टाकी

प्राणी बाहेर असताना जिवाणू उपाशी मरतात. त्यांना अमोनियम क्लोराइड द्यायचं: १०० लिटरमध्ये ०.६३ ग्रॅम म्हणजे २ मिलिग्रॅम प्रति लिटर अमोनिया. म्हणजे नवसागरच, पण कल्हईवाल्याकडचा नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा. अमोनिया २४ तासांत शून्य होऊन नायट्राइटही शून्य आलं की टाकी तयार. मग निम्मं पाणी बदलून नायट्रेट २०च्या खाली. स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायचा. एअर पंपाला आता बॅटरी जोडली आहे.

थंडाव्याचं गणित उरतं. एक लिटर बर्फ वितळून १८ अंशांवर येईपर्यंत १०० लिटरची टाकी जेमतेम एका अंशाने उतरवतं. २६वरून १८वर यायला आठ बाटल्या, आणि भिंतीतून आत येणारी उष्णता वेगळी. पेल्टियरचे (विजेच्या पट्टीने गार करणारे) छोटे चिलर इतक्या पाण्याला पुरत नाहीत. कंप्रेसरवाला महाग, शिवाय तो खोली तापवतो, त्याचा गरम वारा बाहेर सोडायला हवा. मधला मार्ग एसीचा. एसी हवा नुसती गार करत नाही, कोरडी करतो. २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला आर्द्र तापमापी १७ दाखवतो, म्हणजे पंखा पुन्हा कामाला लागतो. सध्या टाकी यावरच १९ला आहे, दिवसाला बर्फाच्या दोन बाटल्या टाकल्या की १८. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करायची, नाहीतर क्षार साचत जातात; पण पूर्ण बदलीला आरओ चालत नाही, त्यात क्षार जवळपास नसतातच.

नव्याने पाळणाऱ्यांसाठी: हा प्राणी साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट २मध्ये आहे, त्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विकणाऱ्याकडून कागद आधी घ्या.

नर टाकीत सोडायचा तो टबचं आणि टाकीचं तापमान जुळल्यावर, संध्याकाळी दिवा बंद करून. अमोनिया, नायट्राइट पहिला आठवडा रोज.