उष्णतेची मर्यादा ओलांडण्याचा हक्क कोणाला असावा?

मे महिन्यात वरोरा तालुक्यात दुपारचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि भारनियमनात कूलर बंद पडला की टिनाच्या छपराखालच्या माझ्या सेवा केंद्रातील हवा ४० अंशांच्या खाली येत नाही. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात मात्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेचाच विचार केलेला असतो.

मागच्या हंगामात पीककर्जासाठी सात-बारा काढायला माणसे रांगेत उभी असताना माझ्या लॅपटॉपचा वेग अचानक ४०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या अगदी लहानशा भागावर, येऊन अडकला. ऑपरेटिंग सिस्टीमने कारण सांगितले नाही. भाव वाढेल म्हणून शेजारच्या खोलीत साठवलेल्या कापसाचे तंतू पंख्यात गेले असतील, असे समजून मी तो उघडून साफ केला, तरी फरक पडला नाही. शेवटी लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तापमानाचे आकडे पाहिले, तेव्हा प्रोसेसर जेमतेम ६२ अंशांवर होता. बोर्डावरचा दुसराच एक सेन्सर बिघडला होता आणि 'फार तापले' असा खोटा इशारा प्रोसेसरला देत होता. तो इशारा मी बंद केला आणि काम पुढे सरकले.

म्हणूनच किती तापल्यावर यंत्राने वेग कमी करायचा किंवा बंद पडायचे, ही मर्यादा बदलण्याचा अधिकार यंत्राच्या मालकाला असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, ही सोय काही प्रमाणात आहे; सुरू होतानाच सूचना देऊन यंत्र बंद पाडणारी तापमर्यादा बदलता किंवा रद्दही करता येते. सर्व यंत्रे इतकी मोकळीक देत नाहीत. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात ८५ अंशांच्या वरची मर्यादा लिहिली, तरी ती ८५ च धरली जाते.

पण प्रोसेसरच्या आत एक शेवटची मर्यादा असते. इंटेलचे अनेक प्रोसेसर १०० अंशांच्या सुमारास आपला वेग कमी करतात आणि त्याहूनही बरेच तापले, तर सॉफ्टवेअरला न विचारता वीजच तोडतात. या शेवटच्या मर्यादेला कोणीही हात लावू नये, कारण तिच्या पलीकडे चिपच कायमची निकामी होऊ शकते. त्याआधीच्या मर्यादांबाबत सिस्टीमने वेग का कमी केला, कोणत्या सेन्सरच्या सांगण्यावरून केला, हे पडद्यावर स्पष्ट लिहावे आणि मगच निर्णय आमच्यावर सोडावा. लिथियम बॅटरी उष्णतेने फुगते, कपॅसिटरचे आयुष्य घटते, हेही तिथेच सांगावे.

माझा सेन्सर अजून बदलून झालेला नाही. तोवर दर दुपारी मी प्रोसेसरचे तापमान स्वतः पाहतो आणि ९० अंश दिसले की रांगेतल्या मंडळींना कारण सांगून काम थांबवतो.