लाटसाहेबांची पोळी

रविवारी आठ वाजून गेले आणि मी अंथरुणातच असलो, की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "उठले का लाटसाहेब?" हा लाट कोण, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. समुद्राला लाटा येतात, आई पोळ्या लाटते, गावाकडे कुणीतरी भावाची जमीन लाटलेली असते. यातलं आपण नेमकं काय केलं, ते काही कळायचं नाही. इंग्रजांचा लॉर्ड आपल्या लोकांच्या जिभेवरून घरंगळत लाट झाला, हे फार उशिरा समजलं.

तोवर दुसरा घोटाळा होऊन गेला होता. हिंदी सिनेमातला वकील कोट झटकून न्यायाधीशाला सांगायचा, "मी लॉर्ड!" मला वाटे, हा स्वतःचीच ओळख करून देतोय. समोर उंच खुर्चीत दुसरा बसलेला असताना हा आपला दर वाक्याला 'मी लॉर्ड, मी लॉर्ड'! आणि तरी न्यायाधीश रागावत कसा नाही? (खऱ्या कोर्टांत हे संबोधन सोडून 'युअर ऑनर' म्हणावं, असं बार कौन्सिलनं 2006 साली ठरवलं. पण जिभेची सवय ठरावानं थोडीच जाते.)

बरं, लॉर्ड ही एक पायरी आहे म्हणावं, तर तसंही नाही. तिकडे उमरावांच्या पायऱ्या पाच: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. त्यातल्या खालच्या चौघांना बोलताना लॉर्ड म्हणतात. सगळ्यांत वरच्या ड्यूकला मात्र 'लॉर्ड अमुक' म्हणायचं नाही. तो नुसताच ड्यूक. उलट त्याच्या धाकट्या मुलाच्या नावामागे लॉर्ड लागतो, तोही कौतुकापुरता. चर्चिलचे वडील लॉर्ड रँडॉल्फ असेच, ड्यूकचे धाकटे चिरंजीव. त्या लॉर्डपणावर त्यांना उमरावांच्या सभागृहात जागा नव्हती, म्हणून ते निवडून येऊन साध्या सभागृहात बसले. खुद्द विन्स्टनच्या वाट्याला तर तेवढाही लॉर्ड आला नाही.

आपण मात्र सरसकट सगळ्या गोऱ्या साहेबांना लॉर्ड करून मोकळे झालो. मुंबईचे दोन एल्फिन्स्टन घ्या. ज्याच्या नावाचं कॉलेज आहे तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पेशवाई बुडाल्यावर 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर. एवढा कर्तबगार माणूस, पण बापाचा चौथा मुलगा; त्यामुळे लॉर्ड कधीच नव्हता. त्याचा पुतण्या जॉन 1853 ला त्याच गादीवर आला तो जन्माच्या हक्कानं लॉर्ड. एल्फिन्स्टन रोड स्टेशनाला नाव होतं ते या पुतण्याचं, आणि 2018 साली तिथे प्रभादेवी आली. काका बिनलॉर्डाचा, पण त्याचं कॉलेज शाबूत आहे.

आणि क्रिकेटचं लॉर्ड्‌स? ज्या मैदानावर वेंगसरकरांनी तीन शतकं ठोकली, तिथे उमरावांचा वास येतो खरा, पण ते नाव थॉमस लॉर्ड नावाच्या साध्या माणसाच्या आडनावावरून पडलंय. आपल्याकडे कुणाचं आडनाव राजे असावं, तसं.

मला या शब्दाचं खरं प्रेम जडलं ते त्याचं कूळ कळल्यावर. जुन्या इंग्रजीत तो होता 'ह्लाफवेअर्द'. ह्लाफ म्हणजे पाव, वेअर्द म्हणजे राखणारा. झिजत झिजत त्याचा लॉर्ड झाला. म्हणजे तलवार नाही, मुकुट नाही; पावाची राखण करणारा, डब्याची किल्ली ज्याच्या कनवटीला तो. लेडीचंही तेच. ती 'ह्लाफदिगे', कणीक मळणारी. आणि त्या घरचं खाऊन राहणारा आश्रित म्हणजे 'ह्लाफएता', पावखाऊ. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे आपल्या म्हणीआधी त्या भाषेनं तीन शब्दांत मांडून ठेवलं होतं.

परवा फोनवर आईला हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मळणारी मी, राखणारे तुझे बाबा. मग तुला मी इतकी वर्षं लाटसाहेब कशाला म्हणत होते?"

मागे पोळपाटावर लाटण्याचा आवाज चालूच होता.