गॉब्लिन व्हॅलीत उतरण्याआधी

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या गॉब्लिन व्हॅली स्टेट पार्कच्या मुख्य दरीत आखलेली पायवाटच नाही. वाहनतळाशेजारून पायऱ्या उतरायच्या आणि खडकांच्या गर्दीत हवं तिकडे शिरायचं. घोळ होतो तो इथेच. दहा मिनिटांत सगळे खडक सारखेच दिसू लागतात. म्हणून खाली उतरताच मागे वळून कड्यावरचा निवारा कोणत्या दिशेला आहे ते पाहून ठेवा.

एखादा खडक जवळून न्याहाळा. वर टणक वालुकाश्माचं डोकं, खाली मऊ, पातळ थरांची झिजलेली मान. हा एन्ट्राडा नावाचा वालुकाश्म सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीचा. मऊ थर पावसावाऱ्याने आधी झिजतात, म्हणून डोकं तोललेलं राहतं. त्यावर चढू नका, ढकलू तर नकाच. २०१३ मध्ये इथला एक खडक पाडणाऱ्यांवर पुढे खटला भरला गेला होता.

दरीत सावली जवळपास नाही. उन्हाळ्यात माणशी ४ लिटर पाणी घ्या, दुपार टाळा. पावसानंतर तळाची माती निसरडी होते. जवळच्या लिटल वाइल्ड हॉर्स घळीत जायचं असेल, तर हवामानाचा अंदाज पाहिल्याशिवाय मुळीच नको: दूरवरच्या पावसाचाही लोंढा अचानक येतो.