एम.ए. सायकॉलॉजी की एम.एस.डब्ल्यू.? शाळेत मुलांसोबत काम करायचं असेल तर

बडोद्यात 'स्कूल सायकॉलॉजिस्ट हवा' अशी जाहिरात क्वचितच दिसते, आणि 'स्कूल सोशल वर्कर हवा' अशी तर त्याहून कमी. काम मात्र दोन्ही प्रकारचं आहे, फक्त ते वेगळ्या नावांनी चालतं. सीबीएसईच्या शाळांत 'काउन्सेलर' असते, कारण मंडळाच्या संलग्नतेच्या नियमांतच ती नेमणूक सांगितली आहे. समाजकार्य शिकलेली व्यक्ती शाळेत येते ती बहुधा एखाद्या संस्थेच्या प्रकल्पातून, किंवा मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेखालच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षातून. त्यामुळे 'सायकॉलॉजी घेऊ की एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी?' याचं उत्तर पदाच्या नावात सापडत नाही. रोजच्या दिवसात हातात काय असतं, हे पाहून ठरवावं लागतं.

समजा, पाचवीतला एक मुलगा आहे. राहायला बडोद्याच्या वाडी भागात. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळा इंग्रजी माध्यमाची. तोंडी हिशेब झटपट करतो, पण वाचायला उभं केलं की गप्प. महिन्यातून सहा-सात दिवस गैरहजर. वहीत बाईंचा शेरा: 'लक्ष देत नाही.'

सायकॉलॉजी शिकलेली व्यक्ती या मुलाकडे कशी जाईल? सगळ्यात आधी नजर आणि कान तपासून घ्यायला सांगेल. फळा नीट न दिसणारी मुलंही 'लक्ष देत नाही' या शेऱ्याखाली येतात, म्हणून ही पायरी सोडायची नाही. मग आईशी सविस्तर बोलणं: बाळंतपण, बोलायला कधी लागला, कोणाकोणाच्या हाताखाली शिकला, घरात आणखी कोणाला वाचायला जड गेलं का. त्यानंतर वर्गात मागच्या बाकावर बसून निरीक्षण, तेही दोन वेगवेगळ्या तासांना, एक सकाळी आणि एक मधल्या सुट्टीनंतर. चाचण्या या सगळ्यानंतर.

बुद्धिमापनासाठी आपल्याकडे मिसिक खूप वापरतात. ही चाचणी नागपूरला आर्थर मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी तयार केली. सहा शाब्दिक आणि पाच कृतीच्या उपचाचण्या, वय ६ ते १५. बिने-कामत ही दुसरी जुनी चाचणी, जी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. दोन्ही शांत खोलीत, स्टॉपवॉच लावून, सूचना छापल्यात तशाच शब्दांत देऊन घ्यायच्या. मूल थकलं की थांबायचं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी. प्रत्येक बरोबर उत्तराला 'शाब्बास' म्हणायचं नाही, कारण मग गप्प राहिलो की उत्तर चुकलं हे मुलाला लगेच कळतं. कौतुक करायचं ते प्रयत्नाचं.

इथे सगळ्यात जास्त चुका होतात त्या साध्या वजाबाकीत. चाचणीच्या तारखेतून जन्मतारीख वजा करून वर्षं-महिने-दिवस काढताना हातचा चुकतो, वयानुसार गुण ठरवणाऱ्या मानकांच्या तक्त्यात भलताच रकाना उघडला जातो आणि सगळे गुण बदलतात. म्हणून वय दोनदा काढायचं, आणि जन्मतारीख जन्मदाखल्यावरूनच घ्यायची.

आता बडोद्याची खास अडचण, जिच्याबद्दल मनापासून सांगावंसं वाटतं. २०२३ च्या कायद्यानं गुजरातेतल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे. म्हणजे आपल्या या मुलाच्या दप्तरात तीन लिप्या आहेत: रोमन, हिंदीची देवनागरी आणि गुजराती. गुजरातीला शिरोरेखा नसते. तिचा पाचाचा आकडा आपल्या बिनरेघेच्या 'प'सारखा दिसतो. हिंदीच्या वहीत त्यानं शिरोरेखा सोडली, किंवा मधेच गुजराती वळणाचं अक्षर काढलं, तर ते अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन किंवा हिशेब जड जाण्याचं, लक्षण समजायचं नाही. तीन लिप्या एकदम शिकणारा मुलगा असंच लिहील. मिसिकमध्येही शाब्दिक गुण कृतीच्या गुणांपेक्षा बरेच खाली आले, तर दोन्हींची सरासरी काढून मोकळं व्हायचं नाही. प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, उत्तर कोणत्या भाषेत आलं, हे अहवालात लिहायलाच हवं. ज्याला मराठी आणि गुजराती दोन्ही येतात, त्याच्यासाठी बडोद्यात ही मोठी जमेची बाजू आहे.

नंतर अहवाल. चाचणीला जेवढा वेळ जातो, तेवढा तरी गुण मोजायला आणि लिहायला लागतो. आणि त्यात आकडा नव्हे, बाईंना सोमवारी सकाळी करता येईल अशी गोष्ट लिहायची असते: फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी छापील कागद द्या, गणितातली शाब्दिक उदाहरणं वाचून दाखवा, इतिहासाची उत्तरं तोंडी घ्या. ज्यांना एका मुलासाठी असे चार-पाच तास एकाग्रपणे बसायला आवडतं, त्यांनी सायकॉलॉजीकडे जावं. ज्यांना दुसऱ्या तासाला बाहेर पडावंसं वाटतं, त्यांना हे काम फार काळ झेपत नाही.

समाजकार्याची सुरुवात हजेरीपटापासून होते. बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत का येत नाही हा प्रश्न तेव्हापासून या गावात सरकारदरबारी विचारला जातो आहे. हजेरीपट आडवा वाचला तर नुसती टक्केवारी मिळते, उभा वाचला तर कारणं दिसू लागतात. होळीच्या आसपास आठ-दहा मुलं एकदम गायब असतील, तर ती दाहोद-पंचमहालच्या मजूर कुटुंबांची, गावी गेलेली. सातवी-आठवीच्या मुली दर महिन्याला चार दिवस येत नसतील, तर आधी शाळेचं स्वच्छतागृह जाऊन पाहायचं: पाणी आहे का, आतून कडी लागते का. आपल्या पाचवीतल्या मुलाचे खाडे आईच्या कामाच्या पाळीशी जुळतात. तिची सकाळची पाळी असली की धाकट्या बहिणीला सांभाळायला तो घरी राहतो.

हे कळतं घरभेटीत. घरभेटीचे काही नियम अनुभवी माणसं कटाक्षानं पाळतात. आधी निरोप द्यायचा. स्वयंपाकाच्या आणि पाणी येण्याच्या वेळेला जायचं नाही. बसायला जिथे सांगतील तिथे बसायचं. समोर वही काढून लिहायचं नाही, पण त्याच संध्याकाळी लिहून ठेवायचं. फोटो नाही. मुलासमोर वडिलांच्या दारूची चौकशी नाही. आणि आपल्या हातात नाही ते आश्वासन द्यायचं नाही. 'शिष्यवृत्ती मिळवून देते' असं म्हटलं आणि ती मिळाली नाही, तर पुढच्या वेळी दार उघडत नाही.

शिष्यवृत्तीचे अर्ज अडतात ते बहुतेक नावांवर. बडोद्यातल्या मराठी घरांत हे सर्रास आहे: जन्मदाखल्यावर वडील 'सुरेश', शाळेच्या रजिस्टरात 'सुरेशराव', बँकेत 'सुरेशभाई'. माणूस एकच, पण संगणकाला तीन दिसतात. त्यामुळे सगळे कागद एका ओळीत मांडून कोणतं नाव ठेवायचं ते आधी ठरवायचं आणि मग जन सेवा केंद्रात दुरुस्तीला जायचं. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण एखाद्या मुलीची फी यावरच अडलेली असते.

पाचवीतल्या त्या मुलाच्या घरी उपाय म्हणजे धाकटीची अंगणवाडीत सोय, अंगणवाडी उघडण्याआधीच्या तासाभरासाठी एखादी शेजारीण, आणि चार आठवड्यांनी पुन्हा हजेरीपट पाहणं. तीन महिन्यांनी आणखी एकदा. हजेरी टिकली तरच फाइल बंद करायची.

आता दोन्ही बाजू जिथे जुळतात ते पाहा. अध्ययन अक्षमतेचं निदान करताना नजर-कान, अपुरं शिकवणं आणि शिकण्याच्या भाषेवर पकड नसणं ही कारणं आधी बाजूला काढावी लागतात. वर्षभरात साठेक दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाला वाचता येत नाही, यात किती वाटा अक्षमतेचा आणि किती बुडालेल्या दिवसांचा? घरभेटीशिवाय हे टेबलावर बसून कळत नाही. उलट हजेरी सुधारूनही तो वाचायला अडत असेल, तर नुसत्या घरभेटींनी तो वाचू लागणार नाही. त्यामुळे निवड कोणतीही करा, दुसऱ्या कामाची भाषा थोडी तरी शिकून घ्या.

कोणत्या पदवीवर कशाखाली सही करता येते, हा भाग पदवी घेणाऱ्यांना उशिरा कळतो. एम.ए. सायकॉलॉजीवर शाळेत काउन्सेलर होता येतं, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही. त्यासाठी रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. हा अभ्यासक्रम एम.फिल. म्हणून चालायचा; यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद करायचं ठरवल्यापासून या अभ्यासक्रमांची नावं बदलत आहेत, तेव्हा कोणत्याही संस्थेला पैसे भरण्याआधी आरसीआयच्या मान्य यादीत तिचं नाव पाहा. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ खालचं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र शाळेची काउन्सेलर देत नाही. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ, क्लिनिकल किंवा रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा स्पेशल एज्युकेटर अशी तिघांची टीम लागते. ते आठ वर्षांनंतरच मिळतं, आणि १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. काउन्सेलरचं काम मूल तिसरी-चौथीत असतानाच पालकांना या वाटेला लावणं. दहावीच्या जानेवारीत धावाधाव केली तर परीक्षेतला जादा वेळ हाती लागत नाही. तीन तासांच्या पेपरला मिळणारा तो एक तास मुलासाठी फार मोठा असतो.

एम.एस.डब्ल्यू.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो, त्यामुळे बी.कॉम. झालेल्यालाही हे दार उघडं आहे. बडोद्याच्या एम. एस. विद्यापीठाची समाजकार्याची फॅकल्टी फतेगंजात आहे, आणि मानसशास्त्र विभाग शिक्षणशास्त्राबरोबर एकाच फॅकल्टीत. समाजकार्याच्या त्याच फॅकल्टीत एचआरचा एम.एच.आर.एम. अभ्यासक्रमही आहे, तेव्हा फॉर्म नीट वाचून भरा. एम.एस.डब्ल्यू.चा गाभा म्हणजे फील्डवर्क. आठवड्यातले ठरलेले दिवस संस्थेत काढायचे आणि काय बोललो, काय झालं ते शब्दशः लिहायचं, याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात. प्रवेश घेण्याआधी विचारून घ्या की शाळेत किंवा बालकांच्या संस्थेत प्लेसमेंट मिळेल का. दोन वर्षं कारखान्यात फील्डवर्क झालं, तर शाळेतल्या मुलाखतीत दाखवायला हाती काही उरत नाही. ज्यांना आधीच बी.एड. किंवा शिकवण्याचा अनुभव आहे, त्यांच्यासाठी एनसीईआरटीचा गाइडन्स अँड काउन्सेलिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा चांगला. आपल्याला त्याचं जवळचं केंद्र भोपाळ.

नोकरीतल्या अडचणी दोन्हीकडे आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. काउन्सेलरला रजेवरच्या शिक्षकांचे तास देतात, शिस्तीची कामं देतात. सकाळी ज्यानं मुलाला रांगेत ओरडून उभं केलं, त्याच्याकडे ते मूल दुपारी मन मोकळं करत नाही. म्हणून मुलाखतीतच विचारा: बंद होणारं दार असलेली खोली आहे का? आठवड्याला किती बदली तास? मुलांच्या नोंदींच्या कपाटाची किल्ली कोणाकडे? शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून 'ऑफिसात' असं आलं, तर रुजू होण्याआधी ते बदलून घ्या. समाजकार्यात नोकऱ्या बहुधा कंत्राटी. प्रकल्प संपला की कामही संपतं, आणि ज्या घरांनी विश्वास टाकला त्यांना कोणी वाली उरत नाही. तिथे विचारायचं ते हे: निधी किती वर्षांचा, प्रवासखर्च वेगळा मिळतो का, आणि अवघड केस आली तर सल्ला द्यायला वर कोण आहे.

एक गोष्ट दोघांनाही सारखीच लागू. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, 'काकांनीच केलं ना?' असा उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू नका, आणि शाळेच्या नावाखातर कोणी 'आपसात मिटवू' म्हणालं तर ऐकू नका. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ हवा.

अमेरिकेत जायचा विचार असेल, तर तिथे ही खरोखरच दोन वेगळी पदं आहेत. स्कूल सायकॉलॉजीला साठ क्रेडिटचा स्पेशलिस्ट अभ्यासक्रम आणि १२०० तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान ६०० तास शाळेत. एम.एस.डब्ल्यू.ला किमान ९०० तास फील्ड. इथून जाताना फील्डवर्कच्या तासांची सही-शिक्क्याची नोंद बरोबर ठेवा, कारण नंतर ती मिळवताना नाकी नऊ येतात.

अजून ठरत नसेल तर प्रवेशाआधीच्या सुट्टीत दोन गोष्टी करून पाहा. ओळखीच्या शाळेतून एका वर्गाचा तीन महिन्यांचा हजेरीपट, नावं झाकून, मागून घ्या आणि प्रत्येक मुलाचे खाडे कोणत्या वारी पडले ते कागदावर मांडा. दुसऱ्या दिवशी, घरच्यांना विचारून, शेजारच्या एखाद्या मुलाला त्याचंच पुस्तक वाचायला सांगा आणि दहा मिनिटांत तो जिथे जिथे अडखळतो ते प्रत्येक अक्षर टिपा: गाळलं, बदललं, उलटं वाचलं की अंदाजानं म्हटलं. दोन्ही कागद समोर ठेवा आणि पाहा, कोणत्या कागदावर तुम्ही रात्री जेवणानंतर पुन्हा बसता.