जित्याची खोड

नव्वदच्या दशकात ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या घरापासून जवळच एक व्हिडिओ गेम पार्लर होते. तिथे ‘स्ट्रीट फायटर २’ या दोघांच्या मारामारीच्या खेळाचे मशीन होते आणि जिंकणारा उभा राहणार, हरणारा पुढचे नाणे काढणार, असा अलिखित नियम होता. प्रतिस्पर्धी खांद्याला खांदा लावून उभा असल्यामुळे त्याचा खेळ पडद्यापेक्षा मनगटावरच अधिक कळत असे. जॉयस्टिक खालून पुढे फिरू लागली की फायरबॉल येणार हे आधीच समजे. पुढे पार्लर बंद झाले, नोकरी लागली, आणि वयाच्या पंचेचाळिशीत खारघरला राहणाऱ्या पुतण्यामुळे मी ‘स्ट्रीट फायटर ६’ खेळू लागलो. आता समोरचा त्याच्या घरी असतो आणि मनगट दिसत नाही.

सुरुवातीचे काही महिने मी सतत हरत होतो आणि त्याचा दोष वयाला देत होतो. हा समज हिशेब केल्यावर डळमळला. हा खेळ सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी, चालतो. डोळ्यांना काही दिसून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद, म्हणजे 15 फ्रेम जातात, तर थ्रो, म्हणजे समोरच्याला पकडून फेकणे, अवघ्या 5 फ्रेममध्ये लागू होतो आणि केन या पात्राचा हलका ठोसा 4 फ्रेममध्ये. म्हणजे थ्रो पाहून तो सोडवणे विशीतल्या मुलालाही शक्य नाही. तो येणार असे आधीच वाटलेले असावे लागते. ड्राइव्ह इम्पॅक्ट या जोरदार फटक्याला मात्र 26 फ्रेम लागतात, तो पाहून उत्तर देता येते, तरीही मन दुसरीकडे गुंतलेले असेल तर तोही खावा लागतो (मी बहुतेक वेळा खातो).

पुतण्याने एकदा माझाच रिप्ले लावून मला समोर बसवले. तो म्हणाला, “काका, तुम्ही पडून उठलात की दर वेळी शोर्युकेनच मारता. मी नुसता ब्लॉक करून उभा राहतो.” पाहिले तर खरेच होते. ड्राइव्ह या ताकदीच्या साठ्याच्या सहापैकी दोन पट्ट्या खर्चून मी शोर्युकेन, म्हणजे उडी घेत वर हाणायचा ठोसा, मारत हवेत उडत होतो आणि तो खाली निवांत माझी वाट पाहत होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. या खेळात ती मेल्यावरही जात नाही, पुढच्या राउंडला आपल्याबरोबरच उठते.

त्यानंतर मी एक वही केली. प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणे व्यर्थ आहे, कारण मोकळ्या मैदानात माणूस विचार करून खेळतो आणि विचार बदलत राहतो. खोड दिसते ती विचाराला वेळ नसताना: पडून उठताना, आपला हल्ला ब्लॉक झाल्यावर, आणि पाठ कोपऱ्याला लागल्यावर. मी पहिला राउंड बराचसा प्रश्न विचारण्यात घालवतो. त्याला पाडून जवळ जातो आणि काहीच न करता ब्लॉक धरतो. तो घाईने थ्रोचे बटण दाबतो का, मागे सरकतो का, उडी मारतो का, एवढेच पाहतो. एकदा घडले तर योगायोग मानतो, दुसऱ्यांदा घडले तर संशय धरतो, तिसऱ्यांदा पैज लावतो. थ्रोच्या भीतीने बटण दाबणाऱ्यासाठी उत्तर सोपे आहे: जवळ जायचे, थ्रो करणार असे भासवायचे आणि अर्धे पाऊल मागे यायचे. त्याचा थ्रो हवेत जातो आणि तेवढ्यात एकामागून एक फटक्यांचा पूर्ण कॉम्बो बसतो. याला शिमी म्हणतात. पैज चुकली तर किती रक्त (पडद्यावरची जिवाची पट्टी) जाईल याचाही हिशेब आधी लागतो. शिमी चुकली तर फारसे बिघडत नाही, शोर्युकेन चुकला तर सगळेच बिघडते.

लोकलमध्ये मेंढीकोट खेळणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. दहिली हातात आली की पत्ते पुन्हा पुन्हा नीट लावणारा एक जण प्रत्येक डब्यात असतोच.

2004 साली कॅलिफोर्नियात झालेल्या ‘इव्हो’ या मारामारीच्या खेळांच्या स्पर्धेतील दाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांचा सामना मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’मध्ये दाइगोच्या केनचे रक्त जवळपास संपले होते, जस्टिनच्या चुन-ली या पात्राची सुपर, म्हणजे सर्वात मोठा हल्ला, नुसती ब्लॉक केली असती तरी तो हरला असता. त्याने तिच्या सगळ्या, म्हणजे 15, लाथा परतवल्या. लोक त्याच्या बोटांचे कौतुक करतात, पण मला त्याआधीचे ते पुढे-मागे रेंगाळणे महत्त्वाचे वाटते, कारण त्या क्षणी समोरच्याला कशाचा मोह होईल हे त्याने ओळखले होते. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकले, तेव्हा ते 44 वर्षांचे होते. तेव्हापासून मी वयाचा दाखला देणे सोडले आहे.

खोट्या खोडीपुढे मात्र माझी वही अजून थिटी पडते. गेल्या महिन्यात पुतण्याने सलग दोन राउंड कोपऱ्यात सापडल्यावर उडी मारून सुटायचा प्रयत्न केला. मी ते लिहून ठेवले, तिसऱ्या राउंडला त्याला हवेत पकडण्यासाठी शोर्युकेन मारला, आणि तो जमिनीवरच ब्लॉक धरून बसला होता. त्या दोन उड्यांत त्याने दोनदा मार खाल्ला होता, तोही माझ्यासाठीच.

परवा रविवारी ठाण्याहून पनवेल लोकल पकडून मी त्याच्याकडे गेलो. शेजारी बसून खेळलो, बऱ्याच वर्षांनी कोणाचे तरी मनगट दिसत होते. पहिल्या राउंडमध्ये तीनदा पडलो आणि तीनही वेळा निमूटपणे ब्लॉक धरून उठलो. चौथ्यांदा तो निर्धास्तपणे थ्रो करायला पुढे आला आणि मी माझा जुना शोर्युकेन मारला. तो लागला. पुतण्याने माझ्याकडे न पाहता विचारले, “काका, वहीत माझं पान कितवं आहे?”