रनफ्लॅट टायर, नाशिक आणि ‘सेमच आहे साहेब’

माझ्याकडे २०११ची बीएमडब्ल्यू झेड-४ आहे. सहा सिलिंडर, ३०६ हॉर्सपॉवर आणि सगळी ताकद मागच्या चाकांवर, त्यामुळे मागचे टायर आधी झिजतात. पुढचं माप २२५/४० आर १८, मागचं २५५/३५ आर १८. मापं वेगळी असल्याने पुढचे मागे टाकून वेळ मारून नेता येत नाही. स्टेपनी तर गाडीला नाहीच. छत दुमडून डिक्कीतच बसतं, चाकाला जागा कुठली?

मागची जोडी बदलायची वेळ आली तेव्हा मला रनफ्लॅटच, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर, हवे होते. ‘रनफ्लॅट कशाला, साधे टाक, गाडी मऊ चालेल’ असं मला जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. मऊ चालेल हे खरंच आहे. रनफ्लॅटच्या बाजूच्या भिंती जाड रबराने मजबूत केलेल्या असतात, म्हणून तो वजनाला भारी आणि खड्ड्याला कडक. बीएमडब्ल्यूच्या स्वतःच्या वेगवान एम गाड्याही साध्या टायरवरच येतात. पण निस्सानची जीटी-आर २०२५मध्ये बंद होईपर्यंत कंपनीतूनच रनफ्लॅटवर यायची, तेव्हा वेगवान गाडीला ते चालतच नाहीत हे काही मला पटत नाही. माझा हिशोब रस्त्याचा होता. हवा पूर्ण गेल्यावरही हे टायर साधारण ८० किलोमीटर, ताशी ८०च्या आत चालतात. मुंबईहून येताना कसाऱ्याला टायर बसला तरी नाशिक साठेक किलोमीटरवर आहे. भर पावसात, रात्री, घाटात ट्रकच्या रांगेशेजारी बायकोला घेऊन उभं राहायचं नाही, एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे. सापुताऱ्याहून येताना मात्र हा हिशोब अगदी काठावर येतो.

ठरवायला वेळ लागलाच नाही. वेळ खाल्ला तो दुकानाने.

दुकानाचं नाव घेत नाही. मोठं आहे, काचेचं आहे, चहा चांगला देतात. ‘मागवून देतो, चार दिवस’ म्हणाले. अ‍ॅडव्हान्स दिला तेव्हा पावतीवर नुसतं ‘२५५/३५ आर १८, २ नग’ लिहीत होते. मी थांबवून त्याखाली ‘रनफ्लॅट’, ‘स्पीड रेटिंग डब्ल्यू किंवा वाय’ आणि ‘उत्पादन एक वर्षाच्या आतलं’ असं लिहून घेतलं. काउंटरवरच्या पोराला ते फार जिवावर आलं होतं. ही पावती पुढे इतकी कामी आली की सगळ्यांना सांगतो: तोंडी काही ठेवू नका. स्पीड रेटिंग म्हणजे टायरची वेगमर्यादा: डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर, वाय म्हणजे ३००. माझ्या गाडीचा वेग २५०ला रोखलेला आहे, म्हणून २४०चा व्ही चालत नाही.

चार दिवसांचे आठवडे झाले. फोन केला की माल भिवंडीला, मग ट्रान्सपोर्टला, मग ‘उद्या सकाळी नक्की’. मालाची अडचण मला समजते. जून २०२०पासून नव्या टायरच्या आयातीला परवाना लागतो, वर आयएसआय चिन्हाशिवाय टायर विकता येत नाही, त्यामुळे अशी कमी खपाची मापं सहज मिळत नाहीत. पण मग ‘नाही’ म्हणा ना! माणूस पुण्या-मुंबईत शोधेल. अ‍ॅडव्हान्स धरून रोज नवं गाव सांगायचं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

शेवटी एकदाचा ‘माल आला’ असा फोन आला. गेलो तर गाडी लिफ्टवर घ्यायची घाई. मी म्हटलं, आधी टायर दाखवा. कागदी लेबल रनफ्लॅटचं होतं की नाही हे बघतच बसलो नाही, मोबाइलचा टॉर्च लावून टायरची बाजू वाचत गेलो. कंपनी तीच, पॅटर्न तोच, माप तेच. रनफ्लॅटची खूण कुठेच नाही! प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असते: ब्रिजस्टोन आरएफटी लिहिते, मिशेलिन झेडपी, कॉन्टिनेंटल एसएसआर, गुडइयर आरओएफ. ती नसेल तर टायर साधा. एकाच नावाचा टायर दोन्ही प्रकारांत येतो, आणि गोंधळ नेमका इथेच होतो.

‘साहेब, सेमच आहे, काही फरक पडत नाही.’

मी अंगठ्याने टायरची बाजू दाबली, ती आत गेली. शेजारी एक झिजलेला जुना रनफ्लॅट पडला होता, तोही दाबून दाखवला. तो दगडासारखा. मग पावती पुढे केली. मॅनेजर आतून आला, पावती वाचली आणि आवाज एकदम खाली आला. टायर परत गेले. पुढची जोडी मात्र बरोबर आली.

उत्पादनाची तारीख बघायची कशी, तर टायरच्या बाजूवर ‘DOT’ (डॉट) या अक्षरांनंतर येणाऱ्या कोडच्या शेवटच्या चार आकड्यांत: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा टायर उलटवून बघा आणि चढवायच्या आधी बघा.

टायर बसवणं मी दुसरीकडे, नाशिकच्याच अंबडला केलं. या टायरची बाजू वाकत नाही, साध्या मशीनवर जोर लावला की रिम सोलून निघते. जादा दाब देणारा हात असलेलं मशीन आहे का, हे फोनवरच विचारा. तिथल्या कारागिराने रिमच्या कडेला प्लास्टिकची पट्टी लावली, भरपूर पेस्ट फासली आणि टायर इंच-इंच आत घेतला. एक ओरखडा नाही. अशा माणसाला वरचे पैसे आनंदाने द्यावेत.

हवा टायर थंड असताना भरा आणि नंतर गाडीतली हवेच्या इशाऱ्याची यंत्रणा रीसेट करून घ्या. रनफ्लॅटची हवा गेली तरी तो बाहेरून फुगलेलाच दिसतो, त्यामुळे इशाऱ्याचा दिवा पेटला नाही तर नुसतं बघून कळत नाही. आणि रिकाम्या टायरवर गाडी चालली असेल तर पंक्चरवाल्याकडून स्ट्रिप मारून पुन्हा वापरू नका, आतून भिंत खराब झालेली असू शकते.

पुढचे दोन टायर येत्या पावसाळ्यानंतर बदलावे लागतील. २२५/४० आर १८ रनफ्लॅट नाशकात कुणी हातात तयार ठेवत असेल, तर दुकान जरूर कळवा.