काटा काही थांबेना

मे महिना, जळगाव, पारा ४४च्या वर आणि मी एका कॉलेजच्या जुन्या गोडाऊनमधे प्लॅनची गुंडाळी घेऊन उभा. तिथे कॉमन सेंटर करायचं होतं, सकाळी आयटीआयच्या पोरांचं सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनींचं) ट्रेनिंग, दुपारी केळीच्या खोडाच्या धाग्यावर काम करणारे रिसर्चवाले, मशिनी दोघांच्या सामाईक. आपल्याकडे घड कापला की खोड बांधावर पडतं, पण त्यातून चांगला चिवट धागा निघतो, तो किती ताण झेलतो ते इथे तपासणार. प्लॅन मी झकास केला होता (असं मला वाटत होतं), पश्चिमेला भली मोठी काच लावून तिथे सगळ्यांनी बसायची जागा. जळगावात, पश्चिमेला, काच! आता स्वतःलाच टपली मारावीशी वाटते.

मीटिंगला सगळे माना डोलवत होते, वर्कशॉपचे रिटायरमेंटला आलेले इन्स्ट्रक्टर काका तेवढे चष्मा कपाळावर सरकवून प्लॅनमधे डोकं घालून बसलेले. मग हळूच, "भो, कॉम्प्रेसरच्या भिंतीला लागून हे काय ठेवून राह्यला तू?"

म्हटलं वजनकाटा आहे काका, चार डेसिमलवाला.

"चल मंग, दाखवतो."

दोन पोरांकरवी लॅबमधला काटा वर्कशॉपशेजारच्या खोलीत आणवला, बुडबुडा मधोमध आणून लेव्हल केली, काटा गरम होईपर्यंत आमचा चहा झाला. मग चिमट्याने धाग्याचा तुकडा ठेवला, ०.०१२४ ग्रॅम, स्थिर. काकांनी पलीकडे कॉम्प्रेसर चालू केला आणि त्याच्या थरथरीने आकडे जे नाचायला लागले, ०.०१३१, ०.०११९, परत वर, थांबायचं नावच नाही. धागा किती जाड हे लांबी आणि वजनावरून काढतात, ताकद त्या जाडीच्या हिशोबात, म्हणजे वजनच डुगडुगलं की ताकदीचा आकडाही चुकला. रिसर्चवाल्या मॅडम एकदम गप्प, कारण त्यांचा जुना काटा दोन वर्षं अशाच एका भिंतीला टेकून होता.

मग प्लॅन फिरला. कॉम्प्रेसर बाहेर वेगळ्या शेडमधे, त्याचं फाउंडेशन बिल्डिंगच्या जोत्यापासून सुटं, खाली रबरी पॅड, आत येणाऱ्या हवेच्या पाइपला सुरुवातीला लवचिक तुकडा. काटा दुसऱ्या टोकाला, भिंतीला न चिकटणाऱ्या कडप्प्याच्या ओट्यावर. धागा काढायच्या मशिनखाली उतार आणि नाली पण टाकली, खोडातून पाणी धो धो निघतं आणि त्याचा डाग काही जात नाही, हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

निघता निघता एक पोरगी म्हणाली, सर, दुपारची बॅच सहापर्यंत ठेवली तर आमची यावलची एसटी चुकते. बॅच एक तास अलीकडे घेतली.

आठवड्याने नवा प्लॅन काकांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. लगेच फोन.

"पश्चिमेची काच कुठं गेली भो?"

"काढली काका."

"बरं झालं. मी बोलणारच होतो, पण त्या दिवशी तुझं तोंड पाहून म्हटलं, आज एवढंच पुरे."